वर्धा नदीच्या काठाने संध्याकाळी चालणं आणि शेवटी ढाब्यावर जेवण: वेळ, वाट आणि परतीचं कसं जमवावं?

बोंडअळी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात एका शनिवारी आम्ही आठ मित्र नदीकाठाने चालायचा बेत करतोय. भाग कौंडण्यपूरच्या आसपासचा. आर्वीकडच्या काठाने पाच-सहा किलोमीटर चालायचं, पूल ओलांडून अमरावती जिल्ह्यात यायचं आणि तिवसा रोडच्या एखाद्या ढाब्यावर जेवायचं. निघायची वेळ पाचची धरली आहे. आठांतले दोघे शाकाहारी, चौघे थोडी घेणारे, एकाचा गुडघा दुखरा. तिघे आर्वीचे, बाकी अमरावतीचे.

हे प्रश्न आहेत:
पाचला निघालो तर चालेल का?
नदीच्या पाण्याचा काही धोका?
ढाब्यावर आधी काय सांगून ठेवावं, किती सांगावं?
घेणाऱ्यांनी परत कसं जावं?

अनुभवी लोकांनी नीट खुलासा करावा.

पांदणवाट

बोंडअळी भाऊ, बेत चांगला आहे, पण पाचची वेळ बदलाच. डिसेंबरच्या उत्तरार्धात आपल्याकडे सूर्य साधारण 5:40 ला मावळतो आणि 6:05 पर्यंत पायाखालचं दिसेनासं होतं. आठ जण गप्पा मारत कच्च्या वाटेने ताशी तीन, फार तर साडेतीन किलोमीटर चालतात. म्हणजे पाचला निघालात तर अर्ध्याहून जास्त वाट सूर्य मावळल्यावर, आणि नेमका पुलाजवळचा चढ-उताराचा भाग शेवटी.

माझा सल्ला असा की एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाऊच नका. गाड्या आधी ढाब्यावर लावा, ढाब्याच्याच काठाने नदीवर उतरा, नदीच्या अंगाने चालत जा आणि त्याच वाटेने परत या. याचे तीन फायदे. गाडी आणायला कोणाला उलटं जावं लागत नाही. परतीची वाट ओळखीची असते, त्यामुळे उजेड कमी झाला तरी खड्डा कुठे होता ते ठाऊक असतं. आणि अंधार पडतो तेव्हा तुम्ही जेवणाच्या जवळ असता, दूर नाही.

परतायचं ते घड्याळ पाहून, अंतर मोजून नाही. 3:30 ला निघा. पाणी-चहाला वीस मिनिटं धरूनही 4:35 ला जिथे असाल तिथून मागे फिरा, मग पुढचं वळण कितीही सुंदर दिसो. "त्या बाभळीपर्यंत जाऊन येऊ" असं म्हणणारा एक जण प्रत्येक टोळीत असतो आणि अर्धा तास तिथेच जातो.

आता वाट. आपल्या काळ्या मातीचा काठ वरून घट्ट दिसतो आणि आतून पोखरलेला असतो. पुराच्या वेळी माती पाणी पिऊन जड होते. पूर ओसरला की बाहेरून पाण्याचा आधार जातो, आतलं ओलं वजन तसंच राहतं आणि कडा सरळ चिरत खाली येते. डिसेंबरपर्यंत बरीच पडझड होऊन गेलेली असते, तरी लोंबकळत्या कडा शिल्लक असतात. काठापासून दोन-तीन मीटर आत चाला. जमिनीत काठाला समांतर भेग दिसली तर तिच्या नदीकडच्या बाजूला पाय ठेवू नका.

पाण्यात उतरायचं असेल तर फक्त घाटावर, पायऱ्या आहेत तिथे. रेती काढलेल्या जागी वर घोटाभर पाणी आणि पुढच्या पावलाला पुरुषभर खड्डा असतो. पाणी गढूळ नसलं तरी वरून खोली कळत नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र नदीचा नाही, तारेचा आहे. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) पिकात येतात म्हणून धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, तार ओढलेली असते. झटका मशीनची तार असेल तर साधारण सेकंदाला एक ठोका बसतो. जोरात लागतो, पण माणूस सुटतो. काही ठिकाणी मात्र चोरून थेट लाईनचा करंट सोडलेला असतो. तो बेकायदा आहे, जीवघेणा आहे आणि बहुधा अंधार पडल्यावर सुरू होतो. नुसतं पाहून कोणती तार कशाची ते सांगता येत नाही. म्हणून नियम एकच: तार ओलांडायची नाही, वाकवायची नाही, काठीनेही उचलायची नाही. पांदणीने, म्हणजे शेतातल्या गाडीवाटेने, वळसा घाला. कोणाला करंट लागलाच तर त्याला हात लावू नका. जवळच्या वावरातल्या माणसाला ओरडून लाईन बंद करायला लावा.

पायात बंद बूट आणि जाड पँट. कुसळी मोज्यांतून आत जाते आणि रात्रभर टोचते, म्हणून मोज्यांवरून पँट खाली सोडा. दोन माणसांमागे एक टॉर्च, मोबाइलचा नाही. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा या दोघांकडे ती असायलाच हवी. माणशी एक लिटर पाणी पुरतं.

साप: थंडीत घोणस संध्याकाळी वाटेवर पडून राहते. डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते, पण प्रत्येक वेळी आधी इशारा देईलच असं नाही. काठी आपटत चाला. चावलीच तर आवळपट्टी बांधू नका, कापू नका, चोखू नका. माणसाला चालू न देता उचलून रस्त्यावर आणा आणि 108 लावा. तिवशाला ग्रामीण रुग्णालय आहे, आर्वीला उपजिल्हा रुग्णालय. बाबा-मांत्रिकाकडे घालवलेला तास परत मिळत नाही.

धरणपाणी

पाण्याबद्दल थोडं. या पट्ट्याच्या वर सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आहे, त्याला 13 दरवाजे. खाली धनोडीला निम्न वर्धा. जुलै ते सप्टेंबर, आणि पाऊस लांबला तर ऑक्टोबरातही, वरून दरवाजे उघडले की तुमच्याकडे आभाळ कोरडं असतानाही नदी चढते. वर मुलताईकडे, म्हणजे नदीच्या उगमाकडे, पाऊस झाला की धरणात येवा वाढतो आणि पाणी सोडावं लागतं. त्या महिन्यांत हा बेत करूच नये. करायचाच तर आधी तहसीलचा इशारा, दवंडी, गावच्या ग्रुपवरचा निरोप बघावा.

डिसेंबरात नदी शांत असते, दरवाज्यांची भीती जवळपास नसते. तेव्हा धोका डोहाचा. वरचं पाणी दिवसभराच्या उन्हाने कोमट लागतं, खाली हातभर उतरलं की गारठा. जेवणाआधी "एक डुबकी" हा विचार मनातून काढा. घेतल्यावर तर नाहीच नाही.

जागलकरी

भाऊ, गावातल्या माणसाच्या बाजूनं सांगतो. तुमाले जी मोकळी वाट दिसते ते बहुतेक जागी कोणाचं ना कोणाचं वावर राह्यते. डिसेंबरात कपाशीचा वेचा चालू राह्यते, तुरीले शेंगा भरल्या राह्यतात, हरभरा घाट्यावर येते. म्हून धुऱ्यानं चाला, पिकाच्या तासातून (ओळीतून) नाई. तुरीच्या शेंगा नाई तं हरभरा पायजे असन तं विचारून घ्या, कोणी नाई म्हणत नाई. न विचारता ओरबाडलं तं भांडण.

दुसरं, नदीवरच्या मोटारीची केबल तांब्यासाठी चोरीले जाते, अन् चोर काठानंच येतात. जागलीवरचा (रात्री राखण करनारा) माणूस अंधारात हलणारा टॉर्च पाह्यला का आधी दगड उचलते, मंग विचारते. म्हून अंधार पडला का टॉर्च खाली जमिनीवर ठेवा, आपसात मोठ्यानं बोला, अन् माचाण दिसलं का दुरूनच "राम राम हो" म्हणा, गावाचं नाव सांगा. कुत्रे आले तं पळू नका, उभे राहा, मालकाले आवाज द्या.

काचेची बाटली नदीवर नेऊच नका. काळ्या मातीत काच खाली जाते अन् वखरणीच्या वक्ताले वर येते, बैलाच्या खुरात नाई तं बाईमाणसाच्या अनवाणी पायात. अन् कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर हाय. देवळाच्या घाटावर दारू, सिगारेट, गाण्याचा डबा, काईच नाई. तिथं चप्पल काढून पाया पडा अन् पुढे चाला.

सरळ हिशोब

दारूबद्दल कोणी नीट बोललं नाही, आणि तुमच्या बेतात तोच भाग अवघड आहे. नदीचा एक काठ वर्धा जिल्हा, दुसरा अमरावती. वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकांपासून दारूबंदी आहे. तेव्हा:

आर्वीकडच्या काठावर, म्हणजे तुमच्या मूळ वाटेवर, एक क्वार्टरही जवळ नको. बाळगणं हाच गुन्हा आहे, पिण्याची वाट पाहिली जात नाही. परतताना उरलेली बाटली डिकीत टाकून पूल ओलांडणंही तेच. बाटलीसोबत गाडीही जप्त होते. पिऊन त्या बाजूला सापडणं हा वेगळा गुन्हा. आर्वीच्या तिघांनी म्हणून आधीच ठरवावं: एक तर घ्यायची नाही, नाही तर अमरावतीकडे मुक्काम. "थोडीच घेऊ आणि हळू जाऊ" हा तिसरा पर्याय मोजू नका. पांदणवाटेने सुचवलेली एकाच काठाची जा-ये याही कारणाने बरी.

ढाबा आणि परमिट रूम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परवाना नसलेल्या ढाब्यावर बसून पिणं बेकायदा आहे, मालक कितीही म्हणो की चालतं. धाड पडली तर गिऱ्हाईकांवरही गुन्हा दाखल होतो. घ्यायचीच तर परवाना असलेल्या ठिकाणी बसा, मग जेवायला ढाब्यावर या, किंवा जेवणही तिथेच सांगा. महाराष्ट्रात बियर-वाइनला वय 21 आणि बाकी दारूला 25 पूर्ण हवं. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर हे कोरडे दिवस. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीचे 48 तासही कोरडे. शनिवार ठरवताना नगरपालिका-जिल्हा परिषदेच्या तारखा बघा.

किती चढते याचा हिशोब लोक चुकवतात. 650 मिलिलिटरची आठ टक्क्यांची स्ट्राँग बियर म्हणजे साधारण 41 ग्रॅम अल्कोहोल. 42.8 टक्क्यांची व्हिस्की 120 मिलिलिटर घेतली तरी तेवढंच. म्हणजे "मी फक्त एक बियर घेतली" म्हणणाऱ्याने दोन लार्ज घेतल्या आहेत. देशीसुद्धा 42.8 टक्केच असते. स्वस्त आहे म्हणून हलकी नाही. शरीर तासाला सात ते दहा ग्रॅम उतरवतं, म्हणजे ती एक बियर पुरती जायला चार ते सहा तास. लिंबूपाणी, काळा चहा, तोंडावर पाणी यांनी हा वेग वाढत नाही. गाडी चालवताना कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे. पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

त्यामुळे न घेणारे चार जण आहेत, त्यांपैकी दोघांच्या हातात दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या निघतानाच द्या, बसल्यावर नाही.

आणि नदीकाठच्या बाभूळबनात कोणी "मोहाची, घरची आहे" म्हणून हातभट्टी देऊ केली तर नको म्हणा. तिच्यात मेथॅनॉल आहे का हे वासाने, चवीने किंवा काडी लावून कळत नाही. त्रास तासांनी सुरू होतो आणि डोळे जातात.

चुलीवरची भाकर

आता जेवणाकडे या, माझा विषय. ढाब्याला फोन आदल्या दिवशी करा, आणि त्या दिवशी दुपारी बाराच्या आत पुन्हा एकदा. गावरान कोंबडी सांगितली असेल तर कापून, साफ करून, चुलीवर शिजून ताटात यायला दोन तास धरा. गावरानचं मांस घट्ट असतं, पाऊण ते एक तास शिजवावंच लागतं. जुनी कोंबडी असेल तर दीड तास. ऑर्डर दिल्यावर अर्ध्या तासात गावरान समोर आली तर ती गावरान नाही. ब्रॉयलर वीस-पंचवीस मिनिटांत शिजतो, हाड दातांनी सहज फुटतं आणि रश्श्यात मांसाच्या चिरफळ्या होतात. गावरानचं हाड कडक आणि चरबी पिवळसर असते. पैसे ठरवताना वजन जिवंत कोंबडीचं की साफ केलेल्या मांसाचं, हे आधी विचारा. भांडण नेहमी इथेच होतं.

सहा मांसाहारी म्हणजे माणशी सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम हाडासकट, एकूण साफ केलेलं दीड किलो. त्यासाठी जिवंत सव्वादोन किलो लागतं, म्हणजे सव्वा किलोच्या आतल्या दोन कोंबड्या. एकच अडीच किलोची मागू नका, ती जुनी निघते. भाकरी माणशी दोन धरा, सोळा. त्याला ज्वारीचं पीठ दीड किलो. एका तव्यावर भाकरीला अडीच-तीन मिनिटं, म्हणजे सोळा भाकरींना पाऊण तास. सगळ्या एकदम मागितल्या तर पहिल्या आठ वातड होऊन येतात. आठ आधी, आठ नंतर सांगा. भाताला कोरडे तांदूळ सहाशे ग्रॅम पुरे.

शाकाहारी दोघांना शेवभाजी आणि दाल फ्रायवर सोडू नका, हा तर तुरीच्या सोल्यांचा हंगाम आहे. सोले-वांगं करून देतात का विचारा, पाव किलो सोलेले दाणे दोघांना भरपूर. नाही तर हिरव्या वांग्यांचं भरीत कांद्याच्या पातीसोबत, किंवा पाटोडी (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा. भरिताची वांगी चुलीच्या निखाऱ्यावर भाजलेली हवीत, गॅसवरची नको. पाटोडीचा रस्सा वेगळ्या भांड्यात करायला सांगा. पुष्कळ ठिकाणी मटणाच्याच तर्रीत पाणी घालून वाढतात.

"सावजी" अशी पाटी आता प्रत्येक वळणावर दिसते. मूळ चव नागपूरच्या कोष्टी घरांतली: खोबरं, खसखस आणि काळा मसाला भाजून, वाटून, तेलात तेल सुटेपर्यंत परतणं. नुसतं लाल तिखट ओतलं की सावजी होत नाही, पोट जळतं. तर्री वेगळी वाटीत मागा, ज्याची त्याने घ्यावी. आणि घेणाऱ्यांनी आधी पोटात काही टाकावं. रिकाम्या पोटावर दारू आणि वर सावजी रस्सा म्हटलं की रात्री बारा वाजता छातीत जळजळ ठरलेली.

बोंडअळी

सगळ्यांचे आभार, बेत बदलला. अमरावतीच्या काठाने 3:30 ला निघतोय, जा-ये, 4:35 ला मागे. आर्वीचे तिघे अमरावतीला मुक्कामी. दोन शंका राहिल्या. थोडा वेळ चांदण्यात बसता येईल असा शनिवार कसा निवडावा? आणि गुडघेवाल्याचं काय करू, तो मागे राहायला तयार नाही.

पांदणवाट

चांदण्यासाठी शुद्ध एकादशी ते पौर्णिमा यांमधला शनिवार घ्या. त्या दिवसांत सूर्य मावळतो तेव्हा चंद्र वर आलेला किंवा येत असतो. पौर्णिमेनंतर तो रोज साधारण पाऊण-एक तास उशिरा उगवतो. संकष्टीचा चंद्रोदय बघणाऱ्यांना हे माहीतच आहे, तेव्हा जेवण होऊन जातं. पण चांदणं हे ढाब्याच्या अंगणात बसायला. वाट बघायला ते पुरत नाही, बाभळीच्या सावलीत खड्डा दिसत नाही. अंगणात बसणार तर स्वेटर घ्या, नदीकाठी सातनंतर गारठा एकदम उतरतो.

गुडघ्याला त्रास उतारावर होतो, सपाटीवर कमी. घाटाच्या पायऱ्या त्याने टाळाव्यात. तुम्ही खाली उतराल तेव्हा तो वरच्या वाटेवर थांबेल, पण एकटा नाही, सोबत एक जण. दोन्ही हातांत काठी द्या, कमरेपेक्षा थोडी उंच. उतारावर काठी आधी, मग दुखरा पाय, मग चांगला. चढताना चांगला पाय आधी. त्याला रांगेत दुसरा ठेवा. मागे ठेवलं की तो सगळ्यांना गाठायला धावतो आणि तिथेच पाय मुरगळतो. वेग त्याचा, म्हणजे ताशी अडीच किलोमीटर धरा. मागे फिरायची वेळ 4:35 वरून 4:25 करा.

जागलकरी

अन् ढाबेवाल्याले गाड्यांचे नंबर अन् किती वाजता परतणार ते सांगून जा. साडेसहापर्यंत आले नाई तं कोणाले फोन करायचा, तो नंबर त्याच्या गल्ल्यावर चिठ्ठीवर लिहून ठेवा. काठावर खोलगट जागी मोबाइलले रेंज राहत नाई.